दिल्लीतला साडू

आमच्या ढोक टाहली गावात माणसं दोनच कामांसाठी जन्माला येतात. पोरगा उंच निघाला तर फौजेत जातो, बुटका निघाला तर शेंगा पेरतो. फजलदाद मधलाच निघाला. म्हणून त्याच्या नशिबी तिसरंच काम आलं. लोकांच्या मागनं हिंडायचं.

लहानपणी तो म्हशींच्या मागं हिंडला. मोठेपणी सरकारनं त्याला इस्लामाबादेत नेलं, बुडाखाली मोटारसायकल दिली आणि हिंदुस्तानच्या वकिलातीतल्या साहेबांच्या मागं लावून दिलं. गावात कुणी विचारलं, "फजला, शहरात करतोस तरी काय?" तर तो म्हणायचा, "तेच की. फरक इतकाच, म्हस दूध द्यायची."

त्याची बायको सुघरा भाभी नातेवाइकांत वेगळं सांगायची. आमच्या ह्यांच्याशिवाय परदेशी साहेबाचं पाऊल पडत नाही म्हणायची. आता ह्यात खोटं काय होतं? पडत नव्हतंच.

माझी, मंजूरची, चहाची टपरी साहेब लोकांच्या गल्लीच्या तोंडाशी. मी गावचा, तो गावचा. त्यामुळं त्याची ड्युटी निम्मी मोटारसायकलवर आणि निम्मी माझ्या बाकड्यावर व्हायची. आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. शहरातल्या लोकांना ती खेडवळ वाटते. वाटू दे. ज्या बोलीत म्हशीला द्यायच्या शिव्या वेगळ्या आणि मेहुण्याला द्यायच्या वेगळ्या, ती बोली गरीब कशी म्हणायची?

आता लोकांना वाटतं, असला माणूस झाडाआड लपत असेल, पेपराला भोक पाडून त्यातनं बघत असेल. तसलं काही नाही. दिसायचं हेच फजलदादचं काम. साहेबानं मान वळवली की मागं फजलदाद दिसला पाहिजे. नाही दिसला तर पगार कशाचा? तो लपायचा नाही, बोलायचा नाही, पुढं जायचा नाही. खिशातल्या गावच्या शेंगा सोलत मागनं चालायचा. साहेब कुठं कुठं थांबला ते सांगायला कागद लागत नव्हता, टरफलं पडलेली असायची.

दोन देशांचं कसं चाललंय हे मी कधी पेपरात वाचलं नाही. फजलदादची मोटारसायकल साहेबाच्या गाडीपासून किती लांब आहे ते बघायचो. दोन गल्ल्या मागं असली म्हणजे बोलणी चालू आहेत, कुठंतरी दोन मंत्री फुलांच्या गुच्छापाशी उभे राहून हसताहेत. एक गल्ली मागं म्हणजे हसणं थांबलं. पुढचं चाक साहेबाच्या मागच्या दिव्याला टेकलं, की मी साखरेचं एक पोतं जास्त भरून ठेवायचो.

अन् हे अंतर काही फजलदादच्या मनावर नव्हतं. ते ठरायचं दिल्लीत. तिकडंही आपला एक साहेब होता आणि त्याच्या मागं त्यांचा एक माणूस होता. तिकडच्यानं आपल्या साहेबाला कोपरखळी मारली की इकडं फजलदादला हुकूम यायचा, तूही मार. तिकडं आपल्या साहेबाच्या घरचा गॅस बंद झाला की इकडं ह्यांच्या चुलीला ताप. शेराला शेर, पायलीला पायली. त्या दिल्लीतल्या माणसाला फजलदादनं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं, नाव ठाऊक नव्हतं. पण त्याच्यावाचून त्याचा एक दिवस जात नव्हता. तो त्याला म्हणायचा, साडू.

"साडू कसा रं?" मी एकदा विचारलं.

"एका घरच्या दोघी बहिणी दोघांच्या पदरात पडल्या, की दोघं साडू. ह्यो साहेबांचा धंदा एकाच घरचा. एक ब्याद त्याच्या पदरात, एक माझ्या. मग दुसरं काय म्हणू? तिकडं त्यो भांडला की इकडं मला जेवाण मिळत न्हाई."

साडूवर त्याचा राग होता आणि साडूची त्याला काळजीही होती. हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली की म्हणायचा, "दिल्लीत धुकं लई असतंय म्हणं. साडूला कानटोपी दिलीय का न्हाई सरकारनं, कुणास ठावं."

तर ह्या फजलदादच्या पुढं चालायला बागची नावाचे साहेब आले. बंगाली माणूस. बारीक अंगकाठी, जाड चष्मा आणि बाराही महिने काखेत काळी छत्री. इस्लामाबादेत ऊन असो, पाऊस असो, छत्री आहेच. फजलदादला आधी संशय आला की छत्रीत काहीतरी यंत्र आहे. खात्यालाही आला. पुढं एकदा ती वाऱ्यानं उलटी झाली आणि सगळ्यांनी आतनं बघितली. काड्याच होत्या.

पहिले काही महिने बागची साहेबांनी मागं वळून बघितलं नाही. मग एक दिवस तळ्याकडच्या रस्त्यावर फजलदादच्या गाडीतलं पेट्रोल संपलं. साहेबाची गाडी वळणाआड गेली. फजलदाद मोटारसायकल हलवून टाकीतला शेवटचा थेंब शोधतोय, तोवर समोरनं पांढरी गाडी उलटी मागं येत येत त्याच्यापाशी येऊन थांबली. काच खाली झाली.

"पंप मागंच आहे," बागची साहेब म्हणाले. "मी थांबतो."

फजलदादनं मोटारसायकल हलवायची थांबवली.

"तुम्ही मला हरवलंत तर तुमचे लोक म्हणतील मी निसटलो. मग दिल्लीत तुमच्या साहेबाला त्रास होईल, मग मला होईल. त्यापेक्षा पेट्रोल भरा."

फजलदाद ढकलत पंपावर गेला आणि परत आला. साहेब गाडीत पेपर वाचत बसलेले. मग आधी साहेब निघाले आणि मग, रीतीप्रमाणं, फजलदाद. माझ्या बाकड्यावर येऊन तो म्हणाला, "मंजूर, म्हस कधी थांबली न्हवती माझ्यासाठी."

तिथनं दोघांचं बोलणं सुरू झालं, पण सरळ नाही. बोलायला बंदी. बागची साहेबांना माशांवाचून घास उतरायचा नाही आणि आठवडी बाजारात एक मासेवाला बसायचा. साहेब तिथं उभे राहून रोहूचे कल्ले उघडून बघायचे. फजलदाद शेजारी उभा राहून दुसऱ्या रोहूकडं बघायचा. आणि दोघं आपापल्या माशाशी बोलायचे.

"आजचा ताजा दिसतो," साहेब माशाला म्हणायचे.

"कल्ल्याला रंग लावलाय," फजलदाद त्याच्या माशाला सांगायचा. "बोटाला लागतोय का बघावा."

मासेवाला डोळे वटारायचा. पण त्या दोघांतलं एक माणूस सरकारचं आणि एक परसरकारचं, बोलणार काय?

अशी तीन वर्षं बरी चालली. फजलदादची थोरली शमीम लग्नाची झाली. तलागंगच्या सुभेदार शेरबाजच्या धाकट्याशी जमलं. गहू निघाल्यावर मे महिन्यातला एक गुरुवार धरला, फजलदादनं खात्याकडनं रजा मंजूर करून घेतली, आचारी सांगितला. सगळं बैजवार झालं. फक्त सुभेदारानं सुपारीच्या वेळीच एक अट घातली होती. त्याच्या थोरल्याच्या लग्नात मुलीचा बाप दुबईत होता आणि वऱ्हाडाला दारात सामोरा आला मुलीचा काका. त्यावरनं तलागंगच्या चौकात वर्षभर सुभेदाराची टिंगल झाली होती. म्हणून त्यानं बजावलं, "माझ्या वऱ्हाडाला दारात बाप भेटला पाहिजे. काका-मामा चालायचा न्हाई. बाप नसला तर वऱ्हाड वेशीवरनं माघारी." आणि सुभेदार बोलला म्हणजे बोलला. एकदा दाढ दुखते म्हणून उपटायला गेला, चुकून शेजारची उपटली गेली, तर डॉक्टरला म्हणाला, राहू दे, हुकूम हुकूम असतो.

अन् नेमकं त्याच मे महिन्यात हिंदुस्ताननं राजस्थानच्या वाळूत अणुबाँब फोडून बघितले.

इस्लामाबाद नुसतं फणफणलं. आपण कधी फोडणार, ह्याखेरीज माझ्या टपरीवर दुसरं बोलणं नाही. अणू म्हणजे काय हे कुणाला धड ठाऊक नव्हतं, पण तो आपल्याकडं मोठा आहे ह्यावर सगळ्यांचं एकमत. फजलदादचं पुढचं चाक साहेबाच्या दिव्याला टेकलं. आणि खात्यातल्या सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या.

तो आपल्या वरिष्ठाकडं, चौधरी बशारतकडं गेला. चौधरी म्हणजे तुपात तळलेला माणूस, पण आवाज कोरडा.

"जनाब, पोरीचं लगीन हाय."

"देशाचं काय आहे ते माहीत आहे ना?"

"हाय. पर देशाचं वऱ्हाड माघारी जाणार न्हाई. माझं जाईल."

"हे बघ," चौधरी म्हणाला, "साहेब नजरेआड होता कामा नये. साहेब जिथं, तिथं तू. तो हलला की तू हलायचं, तो बसला की तू बसायचं. ह्यापलीकडं सध्या तुला घर नाही न् पोरगी नाही."

ही बातमी गावाकडं गेली, तशी सुघरा भाभी दुसऱ्याच दिवशी बसमधनं उतरली आणि शेंगांचं गाठोडं माझ्या बाकड्यावर आपटून उभी राहिली.

"साहेब कुटं चाललाय पळून?"

"पळत न्हाई गं. पर बाँब फुटलाय."

"तुमच्यावर फुटला?"

"न्हाई. राजस्थानात."

"मग तुमचं काय जळालं?"

फजलदादनं माझ्याकडं बघितलं. मी किटलीकडं बघितलं.

"तीन वर्सं त्या छत्रीवाल्याच्या मागनं हिंडलासा," भाभी म्हणाली. "पोरीच्या मागनं एक दीस आलासा तर त्यो देश काय बुडतोय? मी सांगून ठेवते. सुभेदार माघारी गेला तर मी शमीमला घिऊन हितं येणार आणि ह्या गल्लीत बसणार. मग घ्या दोघींवर नजर ठेवून."

भाभी आली तशी गेली. चहासुद्धा घेतला नाही. फजलदाद बसून राहिला. शेंगा सोलायचा आणि दाणे टाकून टरफल तोंडात घालायचा, इतकं त्याचं चित्त उडालेलं. आणि मग मध्येच त्याचं सोलणं थांबलं.

"मंजूर," तो म्हणाला, "चौधरी काय म्हणाला? साहेब जिथं, तिथं मी. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"मग साहेबच ढोक टाहलीत आला तर?"

आता हे वाटतं तितकं येड्यासारखं नव्हतं. ह्या साहेब लोकांना शहराबाहेर पाऊल टाकायला परवाना लागतो. आमच्या गावावरनं पुढं गेलं की कटासचं जुनं देऊळ आणि तळं आहे. हिंदू लोकांचं मोठं ठिकाण. बागची साहेबांनी तिथं जायला तीनदा अर्ज केला होता आणि तिन्ही वेळा तो परत आला होता. चौथा मात्र वसंतातच मंजूर झाला होता, कारण दिल्लीतल्या आपल्या साहेबाला अजमेरच्या दर्ग्यात जायचं होतं. तुम्ही आमच्याला अजमेर दाखवा, आम्ही तुमच्याला कटास दाखवतो. दोन्ही परवाने ह्याच महिन्याचे. मध्येच बाँब फुटले. सगळ्यांना वाटलं, गेलं आता. पण आधी नाही कोण म्हणणार? जो आधी नाही म्हणेल तो जगात आडमुठा ठरेल. म्हणून दोन्ही सरकारं एकमेकांकडं डोळे वटारून बसली आणि दोन्ही परवाने तसेच जिवंत राहिले. बाँबच्या धमक्या एका दारानं, तीर्थयात्रा दुसऱ्या दारानं. आमच्याकडं सोयऱ्यांत कोर्टकज्जा चालू असला तरी बारशाची कुंची जातेच, तसं.

पुढच्या बाजाराला दोघं माशांपुढं उभे राहिले. मीही लिंबं घ्यायच्या निमित्तानं मागं होतो.

"कटासला जायचंय ह्या महिन्यात," साहेब त्यांच्या रोहूला म्हणाले. "ऊन फार आहे. जावं की नको कळत नाही."

"गुरुवारी जावं," फजलदाद त्याच्या रोहूला म्हणाला.

"गुरुवारी ऊन कमी असतं?"

"न्हाई. गुरुवारी माझ्या पोरीचं लगीन हाय. कटासच्या वाटेवरच गाव हाय. वाटेत टाहलीचं, शिसवाचं मोठं झाड लागतंय. त्या झाडापाशी लोकांच्या गाड्या लई बंद पडत्यात."

साहेबांनी माशाचे कल्ले उघडले, मिटले. मासेवाला म्हणाला, "घेताय का साहेब? नाहीतर त्याला बोलून बोलून मारताय तुम्ही."

"तो मेलेलाच आहे," साहेब म्हणाले. मग चष्मा पुसत रोहूला म्हणाले, "माझी गाडी जुनी आहे. उन्हात तापते."

गुरुवारी मी पहाटेच गावाला गेलो, आचाऱ्यावर लक्ष ठेवायला. शामियाना पडला, पुलावाच्या देगी चुलीवर चढल्या. सुघरा भाभीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. तिच्या पोटात गोष्ट राहते, पण चेहऱ्यावर राहत नाही. ती नवरा येत नाही असं धरूनच सगळ्यांवर खेकसत होती. दुपार कलायला लागली. तलागंगची बस वेशीवर आल्याची वर्दी आली. ढोल वाजायला लागला. आणि दारात बाप नाही.

भाभीनं दिराला पुढं केलं. दीर म्हणाला, "मी न्हाई बा. सुभेदार मला ढकलून दील."

तेवढ्यात कटासच्या बाजूनं, परतीच्या वाटेवर, धुरळा उठला. पुढं पांढरी गाडी, मागं खात्याची जीप. पांढरी गाडी टाहलीच्या झाडापाशी आली, उगाच दोन आचके देऊन थांबली. बागची साहेब उतरले, टोपण उघडलं आणि इंजिनाकडं असं बघितलं की जसं काही इंजिन कशाला म्हणतात हे त्यांना आजच कळतंय. मग झाडाखालच्या बाजेवर बसून त्यांनी छत्री उघडली. झाडाची गार सावली होती, तरी उघडली. त्या छत्रीचं कारण मला नंतर उमगलं. आमच्या दारातनं, गर्दीच्या डोक्यांवरनं, ती काळी छत्री लख्ख दिसत होती. छत्री दिसते तोवर साहेब नजरेत. साहेब नजरेत म्हणजे ड्युटी चालू.

फजलदाद जीपमधनं उडी टाकून पळत आला. भाभीनं त्याच्या धुळीच्या कपड्यांवर उभ्या उभ्या दिराचा कोट चढवला. आणि सुभेदार शेरबाज मिशीला पीळ देत दाराशी आला तेव्हा दारात मुलीचा बाप उभा होता. दोघं कडकडून भेटले. सुभेदाराच्या खांद्यावरनं फजलदादची नजर मात्र छत्रीवर होती. सुभेदाराला वाटलं, बाप पोरीच्या विचारानं शून्यात बघतोय. त्यानं पाठीवर थाप मारली.

"रडू नको. पोरगी माझ्या घरी राणीसारखी राहील."

"व्हय," फजलदाद म्हणाला. "फक्त हलू नये म्हणजे झालं."

वऱ्हाड बसलं. खात्याच्या जीपच्या ड्रायव्हरला पुलावाची परात दिली, त्याचा जगाशी संबंध संपला. बाजेवर बागची साहेबांनाही ताट गेलं. मौलवी निकाहाला बसणार, इतक्यात तलागंगच्या बसचा ड्रायव्हर बसमधल्या रेडिओपासनं ओरडत आला. आपण फोडले. बलुचिस्तानच्या डोंगरात फोडले. त्यांनी पाच, आपणही पाच.

मग काय विचारता. ढोलवाला जो सुटला तो सुटला. पोरांनी हवेत बंदुका उडवल्या. मौलवीसुद्धा पगडी सावरत उठून उभा राहिला. आणि त्या गोंधळात कुणाच्या तरी ध्यानात आलं की झाडाखाली चष्मेवाला, छत्रीवाला, हातात आपल्या पुलावाचं ताट घेतलेला एक हिंदुस्तानी बसलाय.

ढोल थांबला. सगळे फजलदादकडं बघायला लागले. सुभेदार चार ढांगांत त्याच्यापुढं.

"कोण हाय ह्यो?"

आता इथं लग्न मोडायचं की टिकायचं, हे पुढच्या एका वाक्यावर होतं. मला वाटलं, फजलदाद थाप मारेल. पोस्टमास्तर म्हणेल, डॉक्टर म्हणेल. पण त्याला थाप मारायची सवयच नव्हती. आयुष्यभर त्यानं दिसायचं काम केलेलं.

"माझा साहेब," तो म्हणाला. "तीन वर्सं मी ह्याच्या मागनं हिंडतोय. आज पोरीच्या लग्नाला ह्यो माझ्या मागनं आलाय."

सुभेदार मिशीवर हात ठेवून उभा. मग तो सरळ बाजेपाशी गेला. बागची साहेब ताटासकट उभे राहिले.

"त्यांनी किती फोडले?" सुभेदारानं मागं वळून बसच्या ड्रायव्हरला विचारलं.

"पाच."

"आपण?"

"पाच."

"मग फिटंफाट झाली की. उभा कशाला करताय पाहुण्याला? ताटात मटणाची बोटी न्हाई त्याच्या, नुसता भात दिसतोय. वाढा."

ढोल पुन्हा सुरू झाला. फजलदादनं दोन दिवस कोंडलेला श्वास सोडला. पण तो पुरता सुटायच्या आत जीपमधला वायरलेस खरखरायला लागला. चौधरी बशारत. मी फजलदादबरोबर जीपपाशी गेलो.

"साहेब कुठं आहे?"

"डोळ्यांपुढं हाय, जनाब."

"करतोय काय?"

"जेवतोय."

"मागं बंदुका ऐकू येतात. काय चाललंय तिथं?"

"लोक खूश हैत, जनाब. आपण फोडले म्हणून."

"ताबडतोब त्याला घेऊन शहरात ये. आत्ताच्या आत्ता."

फजलदादनं शामियान्याकडं बघितलं. निकाह व्हायचा होता. बाप म्हणजे पोरीचा वली, पालक. त्याच्याशिवाय निकाह कसा लागणार? पण बोलला तो शांत.

"जनाब, मला साहेबाच्या मागनं जायचा हुकूम हाय. पुढनं न्यायचा न्हाई. त्यो हलला की मी हलतो."

"मग हलव त्याला."

"हात लावायला बंदी हाय. तिकडं दिल्लीत मग आपल्या साहेबाला हात लावतील."

चौधरीनं पलीकडं वायरलेस आपटला. शेराला शेर हा त्याचाच मंत्र होता.

म्हणजे सगळं आता बागची साहेबांवर आलं. शहाण्या माणसानं काय केलं असतं? चारी बाजूंना बंदुका उडताहेत, आपल्या देशाचं नाव घेऊन आरोळ्या चालल्यात. गाडीचं टोपण पाडलं असतं आणि धुरळा करत पळाला असता. त्यांना वायरलेसवरचं सगळं ऐकू गेलं होतं. ते उठले. फजलदादनं एक पाय जीपमध्ये ठेवला. साहेब गाडीपाशी गेले, इंजिनाला लांबनंच बोट लावल्यासारखं केलं आणि परत येऊन बाजेवर बसले.

"अजून गरम आहे," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, तर ताटातल्या बोटीला.

निकाहाला फजलदादला आत जायला लागलं, पोरीची कबुली घ्यायला. आतनं छत्री दिसणार नव्हती. त्यानं माझं मनगट धरलं. "मंजूर, साहेबावर नजर ठेव." तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं ड्युटी दुसऱ्याच्या हातात दिली. मी बाजेसमोर जाऊन उभा राहिलो आणि डोळे फाडून बघायला लागलो. साहेबांनी थोडा वेळ सोसलं. मग म्हणाले, "तुम्ही नवीन का?"

"व्हय, साहेब."

"जरा लांब उभे राहा. इतक्या जवळनं फक्त युद्धाच्या वेळी बघतात."

शमीमनं आत तीनदा कबूल म्हटलं, बाहेर खारका वाटल्या गेल्या. फजलदाद डोळे पुसत बाहेर आला तो आधी छत्रीकडं बघत. छत्री होती. साहेबांच्या हातावर भाभीनं शेंगांची आणि रेवडीची पुरचुंडी ठेवली आणि म्हणाली, "माझ्या सवतीचं तोंड एकदा बघायचं होतं, बघितलं." गाडी पहिल्या चावीला चालू झाली. फजलदादनं पोरीला बसमध्ये घातलं. आधी साहेब गेले आणि मग, रीतीप्रमाणं, फजलदाद.

चौधरीनं त्याला महिनाभर फैलावर घेतलं, पण शिक्षा कसली करणार? साहेब नजरेआड झाला नव्हता, वेळेत परत आला होता. पावसाळ्याआधी बागची साहेबांची बदली झाली. फजलदाद वाघा सरहद्दीच्या फाटकापर्यंत त्यांच्या मागं गेला. फाटकापलीकडं जायला त्याला हुकूम नव्हता.

ही गोष्ट इथंच संपली असती. पण पुढं थंडीत एक दिवस चौधरी बशारत स्वतः माझ्या टपरीवर आला. लाल झालेला.

"बघ तुझ्या उद्योगाचं फळ," तो फजलदादवर गरजला. "दिल्लीहून बातमी आलीय. आपला साहेब आग्र्याला चालला होता. मथुरेच्या अलीकडं एका खेड्यापाशी त्याच्यापुढं त्यांच्या पाळतीवाल्याची गाडी आडवी बंद पडली. लोकांनी साहेबाला उतरवलं, मांडवात नेऊन बसवलं, लाडू खाऊ घातले, फेटा बांधला आणि अर्धा दिवस सोडलं नाही. सूड आहे हा. तुझ्या त्या दिवसाचा."

फजलदादनं शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला.

"जनाब, मांडव कशाचा हुता?"

"मला काय ठाऊक?"

"सनई हुती का?"

"होती म्हणे. सनईचा ह्यात काय संबंध?"

"मग सूड कसला," फजलदाद म्हणाला. "साडूच्या घरी लगीन निघालं असंल. त्यालाबी रजा दिली नसंल."

चौधरीनं कपाळावर हात मारला आणि चहा न घेता गेला. मी हसत होतो. पण फजलदाद हसला नाही. बराच वेळ गाल फुगवून बसला, टरफलं पायानं ढकलत.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"माझ्या घरच्या लग्नाची खबर त्याला बरोबर लागली," तो म्हणाला. "मग त्याच्या घरच्या लग्नाचं आवतण मला नको व्हय पाठवायला?"

साडू म्हटला की रुसवा आलाच. मी त्याच्यापुढं दुसरा चहा ठेवला. गल्लीतनं नवा साहेब बाहेर पडला, तसा अर्धा कप तसाच टाकून तो उठला आणि त्याच्या मागनं चालायला लागला. दोन गल्ल्यांचं अंतर ठेवून.